लहान्याचा सव्वा रुपया

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे कुठे पहिली वेलांटी आणि कुठे दुसरी हे मला अजून नीट कळत नाही. अक्षरही वाईट आहे, ओळ धरून लिहिता येत नाही, शेवटाकडे वर चढत जातं. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण माझी दोन लेकरं मोठी होतील आणि त्यांच्या हाती ती लागेलच. गावात एखाद्या दिवशी कोणीतरी लहान्याला चिडवेल, "तुले तं तुह्या मायनं विकलं होतं." तेव्हा त्याला खरं काय ते कळावं, म्हणून मागच्या उन्हाळ्याचं लिहून ठेवते. तोंडानं सांगणं मला जमणार नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासूनच.

विकलं होतं हे खरं आहे. सव्वा रुपयाला.

माझी पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. त्यानंतर दोन वर्षांनी हे जुळे झाले. थोरला बरा होता, लहाना चिमणीएवढा. दवाखान्यातून घरी आणला तरी तो दूध ओढेना. नखं निळी पडायची. आमच्याकडे लेकरं राहत नसली की एक करतात. लेकराला सुपात ज्वारीवर निजवतात आणि दुसऱ्या घरच्या बाईला विकतात. म्हणजे ज्या घरावर वाईट नजर आहे, त्या घराचं ते लेकरूच राहत नाही. सासूबाईंनी वाशीमहून माझ्या मोठ्या नणंदेला बोलावून घेतलं. तिच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

नणंद दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "हे लेकरू कोनाचं?"

"विकाचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"केवढ्याले?"

"सव्वा रुपयाले."

नणंदेनं एक रुपयाचं आणि एक चार आण्यांचं अशी दोन नाणी माझ्या ओटीत टाकली. चार आण्यांचं नाणं तेव्हाही चालत नव्हतं, सासूबाईंनीच देव्हाऱ्यातलं तिच्या हाती दिलं होतं. तिनं सूप उचललं, लहान्याला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आता हे माहं. तुमी सांभाळा, खाऊपिऊ घाला." मग त्याला परत माझ्या मांडीवर दिलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पंधरा दिवसांत लहाना दूध ओढायला लागला. परत विकत कधी घ्यायचं, हे मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. ते ठरवायचं राहून गेलं. चूक झाली ती तिथे.

मागच्या उन्हाळ्यात दोघं अडीच वर्षांचे होते. नणंद दर उन्हाळ्यात आठ दिवस यायची, मागच्या वर्षी ती एप्रिलमध्येच आली आणि राहिली. तिचे मालक, म्हणजे नंदोई, गाडीनं सोडून गेले. सोबत नवा कूलर होता, आंब्यांची पेटी होती, कपडे होते. कपडे मी मोजले. लहान्याचे सहा जोड, थोरल्याचा एक.

मी म्हटलं असेल तिच्या मनात प्रेम जास्त. त्यात वावगं काय?

आमच्या घरी उन्हाळा म्हणजे वाळवण. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पहाटे चुलीवर तो घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. आमचा सोऱ्या लाकडी, माझ्या आजेसासूच्या वेळचा. त्याच्या दट्ट्याची मूठ ढिली झाली होती, म्हणून सासूबाईंनी कधीतरी चिंधीत काहीबाही गुंडाळून फटीत ठोकून बसवलं होतं. तेवढ्यावर तो तीन उन्हाळे चालला. शेजारच्या चौघी-पाचजणी मदतीला येतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. लेकरं मध्ये बसून वाटीत गरम चीक खातात, साखर आणि दूध घालून. थोरला दोन वाट्या खायचा आणि वर अंगणातली माती खायचा. त्याच्या मागं धावता धावता माझा अर्धा दिवस जायचा.

त्या सकाळी लहाना नणंदेच्या मांडीवर होता. ती फुंकर घालून त्याला एकेक घास भरवत होती.

"तू कोनाचा रे?" तिनं विचारलं.

"आत्याचा," तो म्हणाला.

बायका हसल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाप्पा! अन् मायचा कोन मंग?"

"मायचा तो तिकळचा, माती खानारा," नणंद म्हणाली. "हा तं म्या रोख पैसे देऊन घेतला."

"मंग ने ना वं तुह्या घरी. लोकाच्या घरी कायले ठेवला?"

"नेतोच आता. ज्याले परत पाह्यजे असन त्यानं सव्वा रुपया आनावा. अन् दीड चालनार नाही, दोन चालनार नाही. जेवढे घेतले तेवढेच. चार आने काढा म्हना कुठून काढता ते!"

पुन्हा सगळ्या हसल्या. माझ्या हातात सोऱ्या होता. कुरडईचा वेढा मध्येच तुटला आणि सासूबाई ओरडल्या, "ध्यान कुठी हाय तुहं?"

त्या दिवसापासून मला छोट्या छोट्या गोष्टी दिसायला लागल्या. आधीही त्या झाल्याच असतील, पण माझं लक्ष नव्हतं. दुपारी दोघं कूलरपुढे झोपले की नणंद लहान्याजवळ बसून राहायची. एकदा मी पन्हं घेऊन आत गेले, तर ती दोऱ्यानं त्याचं पाऊल मोजत होती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला, गाठ मारली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मला बघून ती दचकली नाही. उलट म्हणाली, "शाळेचे बूट घ्याचे हायेत." मला वाटलं, अडीच वर्षांच्या पोराला कसली शाळा?

एके दिवशी आम्ही मानोऱ्याच्या बाजाराला गेलो. दोन्ही लेकरं, नणंद, मी आणि हे, म्हणजे माझे मालक. ऊन इतकं की टरबुजाच्या ढिगावर पोत्याची ओली तरटं टाकली होती. बुटाच्या दुकानात नणंदेनं तो दोरा काढला. काळे बूट, पांढरे मोजे, एकच जोड. थोरला रडायला लागला. त्यानं लहान्याचा एक बूट ओढून घेतला आणि छातीशी धरून बसला. दुकानदार म्हणाला, "दोघायलेही द्या ना ताई, जुळे हायेत." नणंद म्हणाली, "दोघं येगयेगळ्या घरचे हायेत." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. मला तिथेच बोलायला पाहिजे होतं, पण म्हटलं ना, माझा आवाज फुटत नाही.

ह्यांनी थोरल्याला दहा रुपयांचा फुगा घेऊन दिला. येताना ऑटोत तो फुटला.

घरी आल्यावर गायीला पाणी पाजताना मी ह्यांना म्हटलं, "ताई लहान्याले नेतील."

"नेतील तं आनून देतील. बहीन हाय माही, वाघ हाय का?"

"नाही आनून दिलं तं?"

"तू लय इचार करतं." मग गायीकडेच बघत ते म्हणाले, "तिनं वाशीमच्या दवाखान्यात वीस दिवस डबे आनले. तवा काही म्हटलं नाही तू."

हे खरं होतं. वीस दिवस ती जिने चढून यायची. रात्री माझे पाय दाबायची. त्यामुळेच मला तिच्यावर रागावता येत नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. वाईट माणसापासून लेकरू ओढून घेता येतं.

मे महिना लागला. शेवया झाल्या, बाजरीच्या खारोड्या झाल्या, मुगाचे पापड झाले. गच्चीवर साड्या अंथरून आम्ही सगळं वाळत घालायचो आणि लेकरं काठी घेऊन चिमण्या हाकलायची. लहाना आता झोपेत दचकला की "आत्या" म्हणायचा. मी जवळ घेतलं की डोळे उघडून बघायचा, मग परत झोपायचा. मला वाटायचं, हा एकेका दिवसानं माझ्यापासून सुटत चाललाय.

एकदा मी घर झाडताना नणंदेची पर्स खाली पडली आणि कागद बाहेर आले. मी गोळा करत होते. एक छापील फॉर्म होता, बालवाडीचा, मराठीतच होता म्हणून मला वाचता आला. मी बोट ठेवून हळूहळू वाचला. विद्यार्थ्याचे नाव, तिथे लहान्याचं नाव. वडिलांचे नाव, तिथे नंदोईंचं. आईचे नाव. त्या ओळीवर माझं बोट बराच वेळ राहिलं. नणंदेचं अक्षर छान आहे, गोल गोल. ती बारावी शिकली आहे.

मी कागद होते तसे ठेवले आणि सासूबाईंकडे गेले. त्या ओसरीवर चिंच निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या.

"माय, माहं लेकरू हाय ते."

"तुले दोन हायेत. तिले एकही नाही." चिंचेचा चिंचोका त्यांनी बाजूला टाकला. "अन् परकं थोडीच हाय? वाशीम काय दूर हाय? शिकन, मोठं होईन. तूनंच तं ओटीत पैसे घेतले."

"ते पैसे कुठी हायेत?"

आता त्यांनी वर पाहिलं. "कोनते?"

"सव्वा रुपया."

"रुपया गेला असन दुधात नाही तं तेलात. अन् चार आने कोन घेते आजकाल? पळले असन कुठी."

मला तेव्हा एकच सुचलं. जे विकून गेलं ते विकत आणायचं. नणंद हसत म्हणाली होती, पण पाचजणींसमोर म्हणाली होती. जेवढे घेतले तेवढेच. रुपया माझ्याकडे होता. मग मी चार आणे शोधायला लागले.

देव्हारा हलवला, त्याच्याखाली फक्त झुरळं होती. धान्याच्या कोठ्या, पाळण्याची उशी, जुने डबे, सगळं पाहिलं. किराणा दुकानात तीनदा गेले आणि तीनदा साखर घेऊन आले, विचारायला तोंड उघडलं नाही. चौथ्यांदा विचारलं. दुकानदार हसला, "वयनी, ते बंद होऊन जमाना झाला. गंमत म्हनून ठेवले होते दोन-चार, पोट्ट्यायनं हरवले." शेजारच्या म्हातारीला विचारलं, तिच्याकडे दहा पैसे निघाले, वीस पैसे निघाले, एक भोकाचा पैसा निघाला. ती म्हणाली, "काहून पाह्यजे वं तुले?" मी म्हटलं, "लेकरायले दाखवाले." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पैसे परत डब्यात टाकले.

माहेरी फोन केला. भावाला वाटलं मला पैशाची अडचण आहे, तो म्हणाला पाचशे टाकतो. मी फोन ठेवून दिला.

दरम्यान नणंदेनं ठरवलं की शनिवारी तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य करायचा. लहाना जगला तर रोडगे करीन असा नवस ती बोलली होती. कार्यक्रम झाला की ती वाशीमला जाणार होती, नंदोई गाडी घेऊन येणार होते. "चार दिवस याले नेतो मी," ती सहज म्हणाली. "कूलरची हवा खाईन." कूलर तर आमच्याच घरी होता.

गुरुवारी वाळवण संपलं. मी सगळी भांडी नळाखाली घेतली. सोऱ्याला चीक वाळून चिकटला होता, म्हणून तो मी गरम पाण्यात बुडवून ठेवला. जरा वेळानं दट्ट्या उचलला, तर मूठ हातात आली आणि चिंधी पाण्यावर तरंगायला लागली. बादलीच्या तळाशी काहीतरी टणकन वाजलं.

मी हात घालून काढलं. चार आणे. चिकानं पांढरं झालेलं, पण तेच.

मी बादलीजवळ खालीच बसले. तीन उन्हाळे ते माझ्याच हातात होतं. नणंद मांडीवर माझं लेकरू घेऊन "चार आने काढा" म्हणत होती तेव्हाही मी त्याच्यावरच जोर देत होते. मी ते रुपयासोबत पदराच्या टोकाला बांधलं आणि दोन दिवस गाठ सोडली नाही.

शनिवारी ऊन वर यायच्या आत आम्ही पाळीवर पोचलो. तळ्यात पाणी फक्त मध्यभागी उरलं होतं, बाकी सगळी तडकलेली माती. शेजारच्या त्याच चौघी-पाचजणी आल्या होत्या. पुरुषांनी गोवऱ्या रचल्या. आम्ही जाड कणकेला तेलाचा हात लावून पदर देत रोडगे वळले, वांगी चिरली, वरण चढवलं. दोघं लेकरं लिंबाखाली निंबोळ्या वेचत होती. लहान्यानं नवे बूट घातले होते. इतक्या उन्हात बूट आणि मोजे.

"वयनी, गूळ गाडीतच राह्यला, आना बरं," नणंद म्हणाली.

मी गाडीकडे गेले. डिकी उघडीच होती. गुळाच्या डब्याशेजारी एक नवी बॅग होती, तिची चेन पूर्ण लागली नव्हती आणि फटीतून मला निळा काठ दिसला. तो मी ओळखला. ती माझ्या लग्नातल्या लुगड्याची गोधडी होती. तिचं टोक गालाला लावल्याशिवाय लहान्याला झोप येत नाही. खाली त्याचे सगळे कपडे होते, जुने सुद्धा. त्याची दुधाची बाटली होती. गोधडी मी सकाळी घडी करून कपाटात ठेवली होती. कपाटाची किल्ली सासूबाईंकडे असते.

चार दिवसांसाठी कोणी हिवाळ्याचं स्वेटर नेत नाही.

मी गूळ घेऊन परत आले. रोडगे भाजून झाले होते, म्हातारी राख झटकून ते सुपातून परातीत टाकत होती. नणंद सतरंजीवर बसली होती आणि लहाना तिच्या मांडीवर होता. नंदोई घड्याळ बघत ह्यांना सांगत होते, जेवण झालं की लगेच निघू, ऊन फार आहे.

म्हातारीच्या हातातलं रिकामं सूप मी घेतलं. पदराची गाठ सुटेना, दातांनी सोडली. दोन्ही नाणी सुपात टाकली आणि सूप नणंदेपुढे सरकवलं.

"ताई, मोजून घ्या," मी म्हटलं.

आवाज मलाच ओळखू आला नाही. 

"हे काय?"

"सव्वा रुपया. माहं लेकरू मले परत पाह्यजे."

एकजण म्हणाली, "बाप्पा! चार आने कुठून काढले वं?" आणि ती हसायला लागली, पण बाकी कोणी हसलं नाही म्हणून थांबली.

सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या दारात हे काय लावलं? उठ, ताटं घे."

नणंदेनं ते छोटं नाणं उचललं आणि अंगठ्यानं घासलं. "हे काय लागलं याले?"

"चीक. सोऱ्यात होतं ते. तुमी दिलेलंच हाय."

"म्या मस्करीत म्हटलं होतं, वयनी."

"विकलं तवाही मस्करीच होती, ताई."

 मला वाटलं ती ओरडेल, मी तयार होते.  पण तिनं फक्त ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, गाडीकडे गेले आणि ती बॅग काढून लिंबाखाली आणून ठेवली. त्यांनी गोधडी पाहिली होती.

मग म्हातारी नणंदेला म्हणाली, अगदी हळू, "देवाच्या दारातच करा लागते हे. घे पोरी. मोज."

नणंदेनं लहान्याचे बूट काढले. मोजे काढले. त्याच्या पायांना घामानं सुरकुत्या पडल्या होत्या, ते तिनं पदरानं पुसले. सुपातला रुपया उचलून घेतला आणि त्याला सुपात बसवलं. त्याला तो खेळ वाटला, तो सुपाच्या दोन्ही कडा धरून हसला आणि थोरला धावत येऊन म्हणाला, "मले पन." तिनं सूप माझ्याकडे ढकललं. ते जड होतं, पाळीवरच्या मातीवर खरखर वाजत आलं.

तिनं रुपया डाव्या हातावर ठेवला. त्यावर चार आणे ठेवले. पाचजणींनी पाहिलं. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, "एक रुपया, चार आने. पुरे हायेत."